स्कटलबट की ब्रायर?

मधला सर्व्हर काढून टाकला की खासगीपणा आपोआप मिळतो, असं अनेकांना वाटतं. स्कटलबट हे सोशल नेटवर्क आणि ब्रायर हे संदेश पाठवायचं अ‍ॅप, दोन्ही पीअर-टू-पीअर, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय थेट एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर चालणारी, पण स्वभाव अगदी वेगळे.

न्यूझीलंडचा प्रोग्रामर डॉमिनिक टार बोटीवर राहायचा. नेट कधी असे, कधी नसे. त्यातून 2014 च्या सुमारास स्कटलबट निघालं. इथे प्रत्येक पोस्टवर तुमच्या गुप्त किल्लीची (फक्त तुमच्याकडे असलेल्या सांकेतिक आकड्याची) डिजिटल सही असते आणि आधीच्या पोस्टचा हॅशही (मजकुरावरून काढलेला ठसा) तिच्यात असतो; अशी पोस्टची साखळी, म्हणजे तुमची नोंदवही, बनते. म्हणजे मधलीच एखादी पोस्ट गुपचूप बदलायची सोय नाही. प्रती राहतात मित्रांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या मशीनवर; एकाच वायफायवर आलात की नेटशिवायही देवाणघेवाण होते. झकास! पण रात्री रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी कुठून कुठून पुसणार? तुम्ही कोणाला फॉलो करता, तेही सहसा त्याच उघड नोंदवहीत. शिवाय तीच किल्ली फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे वापरली, तर एकाच पोस्टपुढे दोन वेगवेगळ्या पोस्ट जोडल्या जाऊन साखळीला फाटे फुटतात.

ब्रायर त्या मानाने चिडीचूप. त्याची 1.0 आवृत्ती 2018 मध्ये अँड्रॉइडवर आली. नेट असेल तर टॉरमधून (संदेश अनेक मशीनवरून फिरवून माग लपवणारं जाळं), नसेल तर ब्लूटूथ किंवा वायफायने संदेश जातो. टॉरमुळे कोण कोणाशी बोलतंय, हेही सहज कळत नाही. त्रास बॅटरीला, आणि पासवर्ड विसरलात तर खातं गेलंच.

पाळतीची भीती असलेल्या पत्रकाराने ब्रायरच घ्यावं. निवांत गप्पांच्या कट्ट्याला मात्र माझं मत स्कटलबटला.