मॉड-लुआमधला बफर ओव्हरफ्लो: मॉड्यूल बंद करावं की अपाचे अपडेट करावं?

सीव्हीई-२०२१-४४७९० (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा सार्वजनिक क्रमांक) ही बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे राखलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याची त्रुटी अपाचे या वेब सर्व्हरच्या २.४.५१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत आहे. २० डिसेंबर २०२१ ला आलेल्या २.४.५२ मध्ये ती दुरुस्त झाली. एनव्हीडी या अमेरिकी त्रुटी-नोंदवहीने तिला गांभीर्यासाठी १० पैकी ९.८ गुण दिले, त्यामुळे त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरच्या अहवालात ती लाल अक्षरांत दिसते. पण दोष अपाचेच्या गाभ्यात नाही, लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या मॉड-लुआ या ऐच्छिक मॉड्यूलमध्ये आहे. तोही लुआ स्क्रिप्टने रिक्वेस्टची बॉडी (सोबत आलेला मजकूर) वाचणारं पार्सबॉडी हे फंक्शन बोलावलं तरच उघडा पडतो.

चूक एका वजाबाकीची आहे. मल्टिपार्ट फॉर्ममधल्या (फाइल अपलोडला लागणारा, भागाभागांत येणारा फॉर्म) एका भागाची लांबी काढताना कोड दोन खुणांमधल्या अंतरातून ८ वजा करतो: हेडरनंतरच्या कोऱ्या ओळीचे ४ बाइट, आणि पुढच्या बाउंडरीआधीच्या (भाग वेगळे करणाऱ्या खुणेआधीच्या) सीआर-एलएफ (ओळ संपल्याची खूण) व दोन डॅशचे ४. हल्लेखोराने ते डॅश गाळून अंतर ७ वर आणलं, की उत्तर उणे १. लांबी ठेवणाऱ्या व्हेरिएबलला चिन्हच नाही, म्हणून ६४-बिट मशीनवर तिचे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ बाइट होतात. जागा मागितली जाते लांबी अधिक एक, म्हणजे शून्य बाइट, आणि कॉपी मात्र या अवाढव्य आकड्याएवढी सुरू होते. निदान रिक्वेस्ट हाताळणारी चाइल्ड प्रोसेस कोसळते आणि एरर लॉगमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट, सिग्नल ११ अशी नोंद दिसते. दुरुस्ती एका अटीची: अंतर ८ किंवा कमी असेल तर थांबा.

लुआ वापरातच नसेल तर मॉड्यूल बंद करणं पॅचपेक्षा सरस, कारण पॅचने हीच एक त्रुटी बुजते. याच पार्सबॉडीत पुढे आणखी दोन निघाल्या, एक २.४.५३ मध्ये दुरुस्त झाली, दुसरी २.४.५४ मध्ये. डेबियन-उबुंटूवर लुआ मुळात चालू नसतं. असलंच तर एटूडिसमॉड या कमांडने काढा. रेड हॅट (एंटरप्राइझ लिनक्स) ८ वर मात्र ते चालूच येतं. तिथे कॉन्फ-मॉड्यूल्स-डी फोल्डरमधल्या ००-लुआ फाइलमधली लोडमॉड्यूलची ओळ हॅश लावून निष्क्रिय करा. फाइल उडवू नका, पुढच्या अपडेटला ती परत येऊन बसते.

बंद करण्याआधी एक खोच बघा. कॉन्फिगमध्ये लुआ-मॅप-हँडलरसारखी ओळ उरली असेल तर कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिग तपासणारी कमांड) लगेच अडवते, ते बरंच. पण ॲडहँडलरच्या ओळीने लुआ फाइली मॉड-लुआला जोडल्या असतील तर कॉन्फिगटेस्ट काहीच बोलत नाही. हँडलर सापडला नाही की अपाचे ती फाइल साध्या मजकुरासारखी ब्राउझरला देतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट. म्हणून आधी सगळ्या कॉन्फिगमध्ये आणि एचटीॲक्सेस (फोल्डरपुरत्या कॉन्फिगच्या) फाइलींत ‘लुआ’ शोधा.

लुआ खरंच वापरात असेल तर अपडेटला पर्याय नाही. त्यात डिस्ट्रोचं (लिनक्स वितरणाचं) पॅकेज की स्वतः कंपाइल केलेलं अपाचे? बहुतेकांनी पॅकेजच घ्यावं. गोंधळ होतो तो आवृत्तीच्या आकड्याचा: रेड हॅट ८ वर पॅच लागल्यावरही २.४.३७ च दिसतं, कारण दुरुस्ती जुन्या कोडमध्ये मागे आणून बसवलेली असते. आकडा सोडा, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा. सापडला तर स्कॅनरचा इशारा खोटा. अपडेटनंतर ग्रेसफुल रीलोडवर (चालू रिक्वेस्ट न तोडता कॉन्फिग पुन्हा वाचणं) भागवू नका, पूर्ण रीस्टार्ट द्या, नाहीतर मूळ प्रोसेस जुन्याच बायनरीवर चालत राहते.

स्वतः कंपाइल करण्यात ताजी आवृत्ती मिळते, पण पुढची प्रत्येक त्रुटी तुमच्याच गळ्यात. सेंटओएस ७ सारख्या, आधार संपलेल्या मशीनवर (३० जून २०२४) काही महिने काढायला ठीक. खरं काम तिथे मशीन बदलण्याचंच आहे.

अपडेट आज शक्यच नसेल तर? बॉडीचा आकार मर्यादित ठेवून फायदा नाही. पार्सबॉडीची स्वतःची डीफॉल्ट मर्यादा ८१९२ बाइट आहे आणि हल्ल्याला त्याहून कितीतरी कमी पुरतात. पुढे प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असला तरी तो बॉडी जशीच्या तशी पुढे ढकलतो. त्यापेक्षा, त्या पथावर फाइल अपलोड होत नसेल तर कंटेंट-टाइप मल्टिपार्ट असलेली रिक्वेस्टच नाकारा. साधा फॉर्म वेगळ्या फांदीतून जातो, त्याला धक्का लागत नाही. मात्र पार्सबॉडी एखाद्या लुआ हूकमधून (रिक्वेस्टच्या ठरावीक टप्प्यावर चालणारी स्क्रिप्ट) परवानगी तपासण्याआधीच बोलावलं जात असेल, तर हा नियम उशिरा पोहोचतो. तेव्हा स्क्रिप्टमधलं ते बोलावणंच काढावं लागतं.