सिगरेट सोडल्यावर काउच टू फाइव्ह के केलं, 9 आठवड्यांच्या प्लॅनला मला 14 लागले

काउच टू फाइव्ह के म्हणजे सोफ्यावरून उठवून 5 किलोमीटर पळण्याकडे नेणारा प्लॅन. पहिल्या दिवशी तो सांगतो काय तर 5 मिनिटं झपझप चाला, मग 60 सेकंद पळा, 90 सेकंद चाला, असं 20 मिनिटं करत रहा, म्हणजे 8 वेळा पळणं. कागदावर वाचताना काहीच वाटत नाही. चौथ्या वेळेला मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकच्या कडेला गुडघ्यावर हात ठेवून उभा होतो आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, मला स्वतःला ऐकू येत होता. तेव्हा सिगरेट सोडून साडेचार महिने झालेले होते. मला वाटत होतं की आतलं सगळं साफ झालं असेल आता.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कोणाला कितपत लागू होईल ते कळेल. वय 47, नाशिक, सातपूर एमआयडीसीत नोकरी, 25 वर्षं सिगरेट, शेवटी शेवटी दिवसाला बारा. सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटांच्या आत लागायची. 2023 च्या आषाढी एकादशीला सोडली, तारीख ठरवून सोडा असं पाकिटावरच्या नंबरवरच्या मॅडमनी सांगितलं होतं म्हणून तो दिवस धरला. हो, तंबाखू सोडायला मदत करणारा तो 1800-11-2356 नंबर जो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो तो खरंच लागतो आणि फुकट आहे. मी इतकी वर्षं तो नंबर हातात घेऊन फिरत होतो आणि एकदाही लावला नव्हता. माझ्याशी मराठीत बोलल्या, नंतर त्यांनी स्वतःहून परत फोन पण केले. त्यांची एक गोष्ट डोक्यात बसली, तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी मिनिटं काढा, पाणी प्या, जागा बदला, ती आपोआप उतरते. या सेवेला माझ्याकडून 5 पैकी 5, पण आज लिहायला बसलोय ते पळण्याच्या प्लॅनबद्दल.

सोडल्यावर चार महिन्यात 5 किलो वाढलो. आधी सिगरेट घ्यायचो त्या प्रत्येक वेळेला तोंडात काहीतरी टाकत होतो, फुटाणे, चिवडा, मुलीचे बिस्किटाचे पुडे. भाऊबीजेला बहीण म्हणाली दादा तू सिगरेट सोडलीस त्याचा आनंदच आहे पण तुझं पोट बघ. त्या रात्री नेटवर शोधता शोधता हा काउच टू फाइव्ह के सापडला. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने 1996 ला तयार केलेला प्लॅन आहे, त्याच्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यासमोर ठेवून. मला तेच आवडलं, की हा पळणाऱ्यांसाठी नाही तर सोफ्यावर बसलेल्यांसाठी आहे. पुढे इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याने, एनएचएसने, तो उचलला आणि जगभर पसरला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा पाऊण तास, एवढंच.

पण प्लॅन सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, पंचेचाळीसच्या पुढे असाल आणि इतकी वर्षं ओढली असेल तर आधी जाऊन या. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, टीएमटी करायला लावली, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत हृदय तपासतात ती, आणि नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री केली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की सिगरेटमधला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो पण सोडल्यावर तो एक दोन दिवसात निघून जातो, ते तुझं झालंय. फुप्फुसातली बारीक केसांसारखी यंत्रणा हळूहळू परत कामाला लागते, तेही चालू आहे. पण जो भाग खराब झालाय तो परत येणार नाही, जे उरलंय त्यात दम वाढवायचा. आणि वर्षभर हात लावला नाहीस तर सिगरेटमुळे वाढलेला हार्टचा धोका साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्ट ठीक आले, पळायला परवानगी मिळाली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं आणि थेट यायचं असं बजावून.

आता प्लॅनमधलं सगळ्यात चांगलं काय ते सांगतो. तो तुमच्याकडून एका वेळी फार थोडं मागतो. दुसऱ्या आठवड्यात 90 सेकंद पळा 2 मिनिटं चाला, तिसऱ्यात 3 मिनिटांपर्यंत, चौथ्यात 5 मिनिटांपर्यंत. मला पहिल्या आठवड्यात कळलं की मी 60 सेकंद जोरात पळत होतो म्हणून मरत होतो. वेग कमी करायचा, इतका कमी की पळता पळता बोलता आलं पाहिजे. मी एकटाच पळतो, बोलणार कोणाशी, म्हणून पाढे म्हणायला लागलो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, इथे दम तुटायचा. दम तुटला की वेग कमी. सतराचा पाढा एका दमात नाही पण न थांबता दहापर्यंत पोचला तर वेग बरोबर. ट्रॅकवर पांढरी टोपी घालून चालणारे एक काका आहेत, सत्तरीचे असतील, ते आणि मी पहिले दोन आठवडे जवळपास एकाच वेगाने चाललेलो असायचो, ते चालत आणि मी पळत. त्यांनी एकदाच हात वर करून सांगितलं, "हळूच जा, रोज ये." पुढे तेवढं ऐकलं मी.

रोज ये हे मात्र प्लॅनच्या विरुद्ध आहे हां. मधला एक दिवस सुट्टी पाहिजेच. दम काही आठवड्यात वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. मी तिसऱ्या आठवड्यात अंगात आलं म्हणून सलग चार दिवस पळालो आणि दोन्ही नडग्या अशा दुखल्या की जिना उतरताना कठडा धरायला लागला. दहा दिवस गेले त्यात. प्लॅन सांगतो ते ऐकलं असतं तर नसते गेले, त्यामुळे हा दोष माझा, प्लॅनचा नाही.

ॲपचं म्हणाल तर या प्लॅनची खूप ॲप आहेत, मी घेतलं ते फुकटातलं होतं आणि ते मी दुसऱ्या आठवड्यात काढून टाकलं. पळणं संपून चालणं सुरू करायच्या ऐन वेळेला जाहिरात, आणि घरून फोन आला की टायमर बंद, मग किती झालं तेच कळायचं नाही. शेवटी मुलीने ग्राफ पेपरवर नऊ आठवड्यांचे चौकोन आखून दिले, पळायचे लाल, चालायचे हिरवे, तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि मनगटावरच्या साध्या डिजिटल घड्याळावर पळालो. प्रत्येक दिवसानंतर ती स्वतः पेनाने फुली मारायची, मला मारू द्यायची नाही. ॲपपेक्षा हे लाख पटीने बरं. कागदावर आजही कोपऱ्यात तेलाचा डाग आहे, फोडणी घालताना उडालेला.

शूजचं पण सांगतो. पहिला जोड मॉलमधल्या एका दुकानातून घेतला, विकणाऱ्याने रनिंगचाच आहे म्हणून दिला, तो नुसता दिसायला रनिंगचा होता, खाली मऊ फोम आणि बोटाकडे अरुंद. आठ दिवसात अंगठ्याचं नख काळं पडलं, बदलून मागायला गेलो तर वापरलेला परत घेत नाही म्हणाले. मग दुसरीकडे संध्याकाळी गेलो, संध्याकाळी कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, मोजे घालून, आणि अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा ठेवून नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घेतला. दुकानातच दोन चकरा पळून बघितल्या. दिवसाला दोनशे रुपये सिगरेटचे वाचत होते, मी ते दोन महिने खरंच डब्यात टाकत होतो, त्यातून हा जोड आला.

आता जिथे मी अडकलो ते. पाचवा आठवडा. पहिल्या दिवशी 5-5-5 मिनिटं, मध्ये 3 मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी 8-8, मध्ये 5 मिनिटं. आणि तिसऱ्या दिवशी एकदम 20 मिनिटं सलग, मध्ये चालणं नाही. ज्याने कधी ओढली नाही त्याला जमत असेल, मला ही उडी फार मोठी वाटली आणि माझी प्लॅनबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. नाशिकची डिसेंबरची सकाळ तुम्हाला माहितीये, कोरडी थंडी, पहिल्या पाच मिनिटात घसा खरवडल्यासारखा होतो आणि खोकला सुरू. मी नाकातोंडावरून सुती रुमाल बांधून पळायला लागलो तर फरक पडला, श्वास जरा उबदार आत जातो. तरी 20 मिनिटं पहिल्यांदा 11 ला सुटली, दुसऱ्यांदा 14 ला. मी तो आठवडा तीन वेळा केला. प्लॅन म्हणतो आठवडा परत करायला हरकत नाही पण ते इतकं बारीक सांगितलंय की माणूस आपण नापास झालो असं समजून सोडून देतो. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला पाहिजे होतं.

आणि त्याच काळात सिन्नरला मेव्हणीच्या लग्नात घसरलो. हळदीच्या रात्री मंडपामागे सगळे उभे, जुना मित्र, त्याने पाकीट पुढे केलं आणि मी घेतली. एक नाही, दोन ओढल्या. सोडून सहा महिने होत आले होते. चव घाणेरडी लागली तरी दुसरी ओढली, तलफ अशीच असते, चवीचा काही संबंध नसतो. दोन दिवसांनी ट्रॅकवर आलो तर पहिल्या पाच मिनिटातच पाय जड, आणि छातीपेक्षा मनच जास्त जड. संध्याकाळी परत त्या नंबरवर फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत, कुठे होतात, कोण होतं, किती वाजले होते एवढं विचारलं आणि म्हणाल्या सहा महिने वाया गेले असं समजू नका, उद्यापासून परत. पण मला खरं सावरलं ते फ्रिजवरच्या कागदाने. त्या दिवसाचा चौकोन मोकळा होता आणि मुलगी काही न बोलता रोज त्याच्याकडे बघत होती. गुरुवारी गेलो.

20 मिनिटं पूर्ण झाली ती जानेवारीच्या मधल्या एका शनिवारी. पहाटे अंधार होता, ट्रॅकवर शाळेच्या मुली सरावाला आलेल्या, सडपातळ, आदिवासी भागातल्या, मला दोन दोन वेळा ओलांडून जात होत्या. याच नाशिकमध्ये सराव करून सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर आणलं, त्यामुळे इथल्या पोरींच्या पळण्याकडे मी नेहमीच मान वर करून बघतो. 17 व्या मिनिटाला मला थांबावंसं वाटलं. मी एकोणीसचा पाढा सुरू केला, माझा तो कच्चा आहे, आठवायला लागतो, आठवता आठवता घड्याळ 20 वर आलं. थांबल्यावर खोकला आला नाही. शिट्टीचा आवाजही नव्हता. ओल्या मातीचा आणि शेजारच्या गाडीवरच्या आल्याच्या चहाचा वास वेगवेगळा येत होता, पंचवीस वर्षात मला असा वास आला नव्हता, मी बाकावर बसलो आणि डोळ्यात पाणी आलं.

प्लॅनच्या नावाबद्दल एक सावध करतो. नवव्या आठवड्यात तुम्ही 30 मिनिटं सलग पळता, 5 किलोमीटर नाही. 30 मिनिटात 5 किलोमीटर म्हणजे ताशी 10 चा वेग, आमच्यासारख्याला तो पहिल्या फटक्यात येत नाही. मी फेब्रुवारीच्या शेवटी 30 मिनिटं पळालो तेव्हा अंतर भरलं 3.6 किलोमीटर. घरी येऊन जरा हिरमुसलो, वाटलं चुकलं काहीतरी. चुकलं काही नव्हतं. त्यानंतर दर आठवड्याला दोन तीन मिनिटं वाढवत नेली आणि एप्रिलमध्ये 5 पूर्ण केले, 41 मिनिटात. पण हे पुढचं प्लॅन सांगत नाही, तो नवव्या आठवड्याला संपतो आणि तुम्हाला सोडून देतो, आणि सिगरेट सोडलेल्या माणसाला कागदावर पुढचा चौकोन लागतो. मुलीकडून दुसरा कागद आखून घेतला तेव्हा बरं वाटलं.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक कापला तो पाचव्या आठवड्यासाठी.

कंपनीबाहेरच्या टपरीवर मी अजूनही चहाला जातो, खांबाला लटकवलेला पेटता सुंभ तिथेच असतो, आता मी दुसऱ्या बाजूला उभा राहतो. तिथल्या दोघांनी माझ्या कागदाची झेरॉक्स नेली. एकाने सोडून दिलं. दुसरा तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचला होता, त्याची सिगरेट अजून सुटलेली नाही, दिवसाला चारवर आलीये, परवा नंबर लावतो म्हणालाय. नडगी दुखते म्हणून तो आता प्लॅनचा दुसरा आठवडा परत करतोय, सोमवारी सहाला मी त्याच्याबरोबर 90 सेकंदवालं पळणार आहे.