दुसरी लाइन कोणती घ्यावी: फायबर, सिम की रेडिओ?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत कास्टिंग भरलेला ट्रक फाटकाशी उभा असतो आणि नेमकी त्याच वेळी इंटरनेटची लाइन जाते. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरील मालाला ऑनलाइन निघणारे ई-वे बिल लागत असल्याने ते निघेपर्यंत गाडी हलत नाही. अशा कार्यालयाला दुसरी जोडणी हवी याविषयी दुमत नसते. ती कोणती, याचा विचार मात्र बहुधा दरपत्रकावरच संपतो.

दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर मुख्य लाइनीइतका वेग मिळतो आणि स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, हाही मागून घेता येतो. पण दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग नव्हेत. दोन्ही केबली एकाच खांबांवरून किंवा एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबीचा एक फटका दोहोंना पुरतो. म्हणून दर विचारण्याआधी केबल कोणत्या रस्त्याने येते ते विचारावे, आणि जमल्यास लाइनमनला सोबत घेऊन तो रस्ता पाहून यावा. कोल्हापुरात यात नदीही धरावी लागते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी याच्या कितीतरी वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. शिरोलीत शहराकडून नदी ओलांडून येणारी एक केबल असताना तशीच दुसरी घेण्यात फारसा अर्थ नाही.

फोर-जी किंवा फाइव्ह-जी सिमच्या राउटरला खोदाई लागत नाही आणि तो दिवसभरात सुरू होतो. मुख्य फायबर ज्या कंपनीचे, तिचे सिम मात्र टाळावे, कारण टॉवरही शेवटी फायबरवर आणि विजेवरच चालतो. साध्या सिमवर बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही. त्यामुळे कार्यालयातून बाहेर जाणारे काम चालते, पण बाहेरून आतल्या टॅली सर्व्हरला थेट जोडणारे अडकतात. बिले, ईमेल आणि बँक एवढेच काम असेल, तर मी सिमच घ्यायला सांगेन. शाखा तुमच्या सर्व्हरवर अवलंबून असतील, तर दुसऱ्या मार्गाच्या फायबरचा खर्च सोसावा.

रेडिओ लिंक, म्हणजे दोन इमारतींवरील अँटेनांमधली बिनतारी जोडणी, तेव्हाच विचारात घ्यावी, जेव्हा समोर दिसणाऱ्या इमारतीत तुमची स्वतःची वेगळी लाइन असते.

तिन्ही पर्यायांत खरी गफलत राउटरमध्ये होते. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधली गेटवे-तपासणी गेटवेला, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या पहिल्या यंत्राला, दर दहा सेकंदांनी पिंग करते (उत्तर येते का ते विचारते) आणि दोनदा उत्तर न आल्यास मार्ग बदलते. परंतु कंपनीने बसवलेली फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करत असेल, तर गेटवे म्हणजे तीच पेटी. बाहेर तार तुटली तरी ती टेबलावरून इमानाने उत्तर देत राहते आणि दुसरी लाइन सुरूच होत नाही. म्हणून तपासणी बाहेरच्या एखाद्या पत्त्याची, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ची, आणि तीही मुख्य लाइनीतूनच व्हावी. चाचणी घेताना पेटी आणि राउटर यांमधली वायर काढू नये, कारण ती काढताच पोर्टच बंद होतो आणि कोणतीही मांडणी पास होते. पेटी चालू ठेवून तिच्यात येणारी बारीक फायबरची पिन काढावी आणि ई-वे बिलाचे पान किती सेकंदांनी पुन्हा उघडते ते घड्याळावर पाहावे.