जिल्हा परिषदेचा कक्ष की स्वयंसेवी संस्था: पाणी-स्वच्छता क्षेत्रातील पहिली नोकरी निवडताना

समाजकार्य, भूशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकून पाणी व स्वच्छतेच्या कामात उतरू पाहणाऱ्या तरुणांपुढे महाराष्ट्रात बहुधा दोन पर्याय असतात: जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षातील कंत्राटी सल्लागाराचे किंवा तालुक्यातील गट समन्वयकाचे पद, नाहीतर एखाद्या स्वयंसेवी संस्थेचे गावपातळीवरील काम. (स्थापत्य अभियंत्याला कनिष्ठ अभियंत्याचे नियमित पद मिळत असेल, तर त्याने ते घ्यावे, त्याच्यासाठी ही तुलना नाही.)

कक्षात बसणाऱ्याला सबंध जिल्हा दिसतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा या वाटेने योजना कशी सरकते, कुठे अडते, हे येथे जितके कळते तितके बाहेरून कधीच कळत नाही. मात्र दिवसाचा मोठा भाग पोर्टलवर माहिती भरणे, व्हिडिओ कॉन्फरन्सची तयारी करणे आणि तालुक्यांकडून अहवाल मागवणे यांत जातो. पाणी गुणवत्तेचे काम पाहणाऱ्याकडे नमुन्यांचे आकडे येतात. परंतु जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा ग्रामपंचायतीचा माणूस) टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकीत रोज टाकतो की तपासणीच्या आदल्या दिवशीच, हे आकड्यांत उमटत नाही.

संस्थेतील कामाचा परीघ लहान असतो, बहुधा दहा-पंधरा गावांचा, पण शिकण्याची खरी सामग्री मला तिथेच अधिक दिसते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे आणि या खडकात पाणी भेगा, सांधे व झिजलेल्या थरांपुरतेच साठते. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीच्या शेतांत उन्हाळी पिकांसाठी विंधनविहिरी वाढल्या की नवी कोरी नळयोजना मार्चमध्येच कोरडी पडू शकते. ही गोष्ट समजण्यासाठी वर्षभर त्याच विहिरीची पातळी मोजावी लागते, त्याच शेतकऱ्यांशी बोलावे लागते आणि रात्री उशिरा भरणाऱ्या सभेत बसावे लागते. पाणीपट्टी वसूल न झाल्याने पंपाचे वीजबिल थकते, वीज तोडली जाते आणि कागदावर पूर्ण असलेली योजना बंद पडते. हा क्रमही गावातच शिकायला मिळतो. शौचालयांचेही तसेच आहे. दोन खड्ड्यांचे शौचालय बांधून देणे सोपे. पहिला खड्डा भरल्यावर प्रवाह दुसऱ्याकडे वळवून पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यायचे असते, हे कुटुंबाला पटवणे कठीण.

स्थैर्याची हमी दोन्हीकडे नाही, फक्त अस्थैर्याची कारणे निराळी आहेत. कक्षातील पदे मिशनच्या मुदतीला व निधीला बांधलेली असतात. जल जीवन मिशनची मूळ मुदत २०२४ होती आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. शिवाय अशा कंत्राटी सेवेमुळे नियमित नोकरीचा हक्क आपोआप निर्माण होत नाही, आणि राज्यातील सरळसेवेची वयोमर्यादा (खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारणपणे ३८ वर्षे) तोवर जवळ येत राहते. संस्थांचे प्रकल्प बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचे असतात. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, आणि मोठ्या संस्थांमार्फत पैसा मिळवणाऱ्या छोट्या संस्थांची ती वाट बंद झाली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर अवलंबून असलेल्या संस्थेत दात्याला दाखवता येईल असे बांधकाम पुढे सरसावते आणि देखभालीला पैसा मिळणे अवघड होते.

माझा कल पहिली दोन-तीन वर्षे संस्थेत काढून मग कक्षात जाण्याकडे आहे, कारण गाव पाहिलेला माणूस अहवालातील ‘कार्यान्वित’ या शब्दापुढे थांबून वीजबिल कोण भरते, हे विचारतो. घरची आर्थिक जबाबदारी लगेच उचलायची असेल आणि कक्षातील मानधन अधिक असेल, तर हा क्रम उलटा करण्यातही कमीपणा नाही. मात्र तेव्हा दौऱ्याचे दिवस स्वतःहून मागून घ्यावेत. रुजू होण्यापूर्वी दोन्हीकडे एवढे विचारावे: मानधन दरमहा येते की निधीचा हप्ता आल्यावर, प्रवासभत्ता मिळतो का, रात्रीच्या सभेनंतर मुक्कामाची, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांची, सोय कोण करते, आणि या पदावरचा आधीचा माणूस का गेला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाऐवजी त्या माणसाकडूनच मिळवावे.