आत्ताचा अंदाज की नंतरचा एमआरआय?

डोक्याला जबर मार लागून घरचा माणूस बेशुद्ध. मिरजेत आयसीयूबाहेर बसलेल्या चुलतभावाने विचारलं, "दादा, डॉक्टरांच्या आत्ताच्या अंदाजावर विसंबायचं की एमआरआयपर्यंत थांबायचं?"

वय, हातापायाची हालचाल, टॉर्च मारल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात का, आणि सीटी स्कॅन. एवढ्यावरून 6 महिन्यांनंतर पेशंट कसा असेल याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधता येतो, जादा खर्च नाही. पण तो हजारो पेशंटचा हिशेब असतो, आपल्या माणसाचा नव्हे. शिवाय गुंगीच्या औषधांमुळे ग्लासगो स्कोअर, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याचे गुण, खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

एमआरआय महाग. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तिथवर नेणंही जोखमीचं. मात्र मेंदूच्या खोडाची, आतल्या तंतूंची सीटीत न दिसणारी इजा त्यात दिसते.

ऑपरेशनचं तातडीने ठरवायचं असेल तर सीटी आणि तपासणीच कामाची. पेशंट स्थिर होऊनही शुद्धीवर येत नसेल, तर एमआरआयबद्दल जरूर विचारा. निव्वळ पहिल्या 72 तासांतल्या अंदाजावर उपचार थांबवू मात्र नका.