बोर्डात चारची वायर, भिंतीत दीडची

आमचं साखर पेठेतलं घर मूळचं माळवदाचं. पुढच्या दोन खोल्यांवर अण्णांनी (माझे वडील) पूर्वीच स्लॅब टाकला होता. मागच्या तीन खोल्या मात्र आजोबांच्या वेळच्याच, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरचा उन्हाळा 43-44 अंशांवर गेला तरी त्या खोल्यांत दुपारी डोळा लागायचा. पण दोन तुळया वाळवीने पोखरल्या, पावसात माती गळायला लागली, आणि दिवाळीनंतर मागचा भाग उतरवून तिथे स्लॅब टाकायचं ठरलं. आम्ही विडी घरकुल वसाहतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पाच-सहा महिन्यांत परत यायचं होतं.

ठेकेदार पाहुण्यांतून आलेला. त्याने आमच्याच नात्यात दोन घरं बांधली होती, म्हणून कोणी जास्त चौकशी केली नाही. 11 लाख 40 हजारांत मालासकट काम, असं वहीच्या एका पानावर लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या. त्या पानावर रक्कम होती, खोल्या होत्या, पण कोणती वायर, कोणतं प्लायवूड, कोणतं सिमेंट, यातलं काहीच नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो अण्णांकडे बघून म्हणाला, "कशाला टेन्शन घेताव ओ अण्णा, घरचंच काम हाय की." अण्णांना ते आवडलं. मलाही तेव्हा वाईट वाटलं नाही.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) जत्रेत कामगार आले नाहीत, जानेवारी संपता संपता स्लॅब टाकून झाला. तिथून पैशांची मागणी कामाच्या पुढे धावायला लागली. सळईचे भाव वाढलेत, फरशीवाल्याला आगाऊ द्यायचेत, मिस्त्रीच्या घरी लग्न आहे. प्रत्येक वेळी कारण खरं वाटायचं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून स्लॅबवर आणि गिलाव्यावर मारायच्या पाण्याच्या टँकरचे पैसे त्याने वेगळे लावले, 14 टँकर. शेजारच्या काकू दिवसभर ओट्यावर बसतात. त्यांनी नंतर सांगितलं की टँकर आले ते पाच. स्लॅबला निदान सात दिवस, आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस सतत ओल लागते हे मला माहीत होतं. मी रोज का आलो नाही, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, नोकरी. निदान काकूंना तरी रोज फोन करून विचारायला हवं होतं. मार्चअखेर त्याच्याकडे साडेनऊ लाख गेले होते आणि काम जेमतेम निम्म्याच्या पुढे सरकलं होतं.

मग आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत धरली आणि तारीख त्याला सांगून टाकली. गुरुजी ठरले, आईने आहेराच्या साड्या आणल्या, लातूरच्या आत्याचं येणं पक्कं झालं. तोवर तो आमच्या मागे पैशासाठी यायचा, त्यानंतर आम्ही कामासाठी त्याच्या मागे. वास्तुशांतीला चार दिवस राहिले तेव्हा संडासाची फरशी बसलेली नव्हती, मागच्या दोन खोल्यांत दिवे नव्हते, आणि त्याने 90 हजार मागितले. नाहीतर माणसं दुसऱ्या साइटवर जातील म्हणाला. मी रात्री साडेदहाला त्याच्या हातात रोख पैसे दिले. पावती घेतली नाही. त्या चार दिवसांत बारा माणसं रात्रंदिवस राबली, भिंतींवर ओल्या गिलाव्यावरच रंग चढला आणि वास्तुशांत अगदी वेळेवर झाली. लोक घर बघून खूश झाले. आई तर रडली.

माळवद गेल्यावर काय होतं ते मे महिन्यात कळलं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. अण्णांना त्या खोलीत झोपच येईना, म्हणून दीड टनाचा एसी बसवला. एसीच्या पॉइंटला चारची (4 चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकलीय, असं ठेकेदाराने मला बोर्ड उघडून दाखवलं होतं. जाड लाल वायर, तिच्यावर छापलेला 4 आकडा, आयएसआयचा शिक्का. मी स्वतः वाचलं होतं.

एके दिवशी पहाटे सहाच्या सुमारास अण्णांच्या खोलीतून जळका वास आला. एसी रात्रभर चालू होता, त्यातच अण्णांच्या गुडघ्यांसाठी आईने गीझर लावला होता. बोर्डाची पांढरी पट्टी एका कोपऱ्यात पिवळी पडली होती आणि हात लावला तर चटका बसला. मेन स्विच पाडला आणि ओळखीच्या वायरमनला बोलावलं.

त्याने बोर्ड काढला, तीच लाल वायर बाहेर ओढली आणि ती वीतभरच आली. तिच्या टोकाला काळी टेप. टेप सोडली तर आत दीडची पातळ वायर नुसती पिळून जोडलेली, सांध्यावरचं आवरण वितळून कोळशासारखं झालेलं. बोर्डात दिसेल तेवढा तुकडा चारचा, भिंतीत सगळी दीडची. एसी आणि गीझर दोन्ही तिच्यावरच. दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात आणि वर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मात्र 32 अँपिअरचा. वायरमन म्हणाला, "सर, वायर सोसते त्याच्यापेक्षा मोठा एमसीबी लावला की तो पडतच नाही. आधी वायर जळते." शेजारच्या पलंगावर अण्णा झोपलेले होते. मला अजून तो सांधा आठवला की पोटात गोळा येतो.

घरातले अकरा बोर्ड उघडले. सहांमध्ये असेच तुकडे. काही पाइपांतून जुनी वायर ओढून नवी घालता आली, बाकीच्यांत सिमेंट उतरलं होतं, तिथे नव्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या. 68 हजार गेले. स्वयंपाकघरातलं 710 चं (पाण्याला टिकणारं) म्हणून सांगितलेलं प्लायवूड सिंकखाली फुगलं. मृगाच्या पावसात गच्चीच्या कोपऱ्यातून पाणी उतरलं, कारण कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) केल्यावर वर पाणी कोंडून एक दिवस तरी ठेवून बघायचं असतं, ते त्याने पाणीटंचाईचं कारण सांगून टाळलं होतं. ठेकेदार आता फोन उचलत नाही. मध्यस्थी केलेले पाहुणे म्हणतात, "जाऊ द्या, नात्यात कशाला वाढवताय."

मी वाढवणार आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्याची तयारी चालू आहे. वकिलांनी पहिलं विचारलं ते पुराव्यांचं. यूपीआयने दिलेले पैसे, व्हॉट्सअॅपवरचा त्याचा हिशेब, वहीचं पान, एवढं आहे. रोख दिलेले 90 हजार कागदावर कुठेच नाहीत. जळालेले सांधे वायरमनच्या सहीसकट पाकिटात बंद करून ठेवलेत.

ज्यांचं काम चालू आहे त्यांनी गिलावा व्हायच्या आत वायर स्वतः बघा. छाप वायरच्या अंगावर थोड्या थोड्या अंतराने असतो, त्यामुळे बोर्डात बघून भागत नाही, पाइपाच्या दुसऱ्या टोकालाही तोच आकडा दिसला पाहिजे. कॉइलची रिकामी पाकिटं मागून घ्या. उघड्या भिंतींचे फोटो काढा, मोजायची टेप लावून. शेवटचे दहा टक्के राहायला गेल्यावर महिन्याने द्यायचे, हे कागदावर आधीच लिहून घ्या. आणि मुहूर्त त्याला सांगू नका. आम्ही तारीख सांगितली नसती तर ते 90 हजार तरी आमच्याकडे राहिले असते आणि रंग चढायच्या आधी बोर्ड उघडून बघायला आठ दिवस मिळाले असते.

मागच्या रविवारी कळलं की तोच ठेकेदार जुळे सोलापुरात एका निवृत्त मास्तरांचं घर करतोय. मी आणि अण्णा गेलो. श्रावणातली वास्तुशांत धरलीय, पत्रिका छापायला टाकलीय, असं मास्तरीणबाईंनी चहा देताना सांगितलं. मी खिशातून वायरचा तुकडा काढून मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट बघितला, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि आमच्यासमोर बोर्ड उघडले. हॉलमधल्या पहिल्या बोर्डात वायर बरोबर होती. गीझरच्या बोर्डात वीतभर आत काळी टेप होती.