जुनी डर्ट जंप सायकल, उन्हाळाभर वापरल्यावर

जाहिरातीत ‘२६ इंच, साइज मीडियम’ एवढंच लिहिलं होतं. बर्लिनमध्ये जुन्या डर्ट जंप (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या) सायकलींना तोटा नाही. पोलंड शेजारी, त्यामुळे एनएस, डार्टमूर, ऑक्टेन वन अशा तिकडच्या कंपन्यांच्या फ्रेम विकायला येतच असतात. माझीही त्यांच्यातलीच, क्रोमोली स्टीलची. मार्चच्या शेवटी घेतली आणि तेव्हापासून पाऊस नसला की शनिवार-रविवार क्योपेनिकच्या मेलोपार्क या सायकल पार्कात हीच.

आधी चाकांबद्दल. विकणारा २६ म्हणतो म्हणून दोन्ही चाकं २६ची असतील असं धरून चालू नका. टायरच्या कडेला रबरात उठवलेला आकडा वाचा. पुढच्या टायरवर ५४-५५९ होतं, मागच्यावर मातीखाली ५४-५०७. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे २६ इंची, ५०७ म्हणजे २४. मागे चक्क लहान चाक! रिमला धरणारे ब्रेक असते तर पॅड रिमपर्यंत पोचलेच नसते आणि लगेच लक्षात आलं असतं. डिस्क ब्रेकला रिमशी देणंघेणं नाही, त्यामुळे ब्रेक झकास लागत होता. ‘स्ट्रीटसाठी मुद्दाम बसवलंय,’ असं विकणारा मुलगा म्हणाला. रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांवरच्या कसरतींसाठी बसवतात काही जण, पण मग जाहिरातीत लिहायला काय झालं होतं?

या फरकाने फ्रेमची सगळी मापं हलतात. व्यासात ५२ मिमी कमी, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यातला अ‍ॅक्सल २६ मिमी खाली. त्यामुळे बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे फिरतात तो सांधा) साधारण दीड सेंटिमीटर खाली येतो आणि हेड अँगल (पुढच्या नळीचा, म्हणजे हेड ट्यूबचा कोन) दीडेक अंशाने कलतो. सुरुवातीला मी तशीच चालवून बघितली. मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर जाणं) सोपं जात होतं हे खरं, पण पेडल मारत वळलं की पेडल जमिनीला घासायचं आणि जंपच्या तोंडाशी पुढचं चाक नको तेवढं वर जायचं. २६चं चाक बसवल्यावर दोन्ही त्रास गेले. त्या चाकाचे पैसे मी किमतीतून आधीच वळते करून घेतले होते. चाक घेताना हब (चाकाचा मधला भाग) नीट मोजा. माझ्या फ्रेमला १३५ मिमीचा हब आणि १० मिमीचा अ‍ॅक्सल लागतो, काही फ्रेमना बीएमएक्सवाला ११० आणि १४.

फिटिंगच्या बाबतीत ‘मीडियम’वर माझा काडीचा विश्वास नाही. या सायकलींची सीट ट्यूब मुळातच आखूड असते आणि चालवायचं उभं राहून, त्यामुळे सीटची उंची बघून काहीच कळत नाही. मोजायचा तो रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर. पुढचं चाक सरळ ठेवून भिंतीला टेकवायचं, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून आणि हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, दोन्हींचं भिंतीपासूनचं अंतर मोजायचं आणि वजाबाकी करायची. माझ्याकडे गवंड्याचा ओळंबा कुठला, दोरीला नट बांधून काम भागवलं. मागे २४चं चाक असताना ४०१ मिमी भरला. मग मागच्या चाकाखाली प्लायचे तुकडे रचून ते २६ मिमी उचललं, तर ४१५! फ्रेम मागे कललेली असली की रीच खोटा कमी दिसतो. माझी उंची पाच फूट आठ इंच, मला ४१५ बरोबर बसतो. ४०१ खरा मानला असता तर चांगली फ्रेम हातची गेली असती. सहा फुटांच्या वर असाल तर लाँग फ्रेमच बघा. पेडलवर उभं राहून हँडल पूर्ण वळवायचं. गुडघ्याला लागलं तर फ्रेम तोकडी.

पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधली हवा सोडून तो पूर्ण दाबून ट्रॅव्हल (तो किती दबतो ते) मोजला, १०० मिमी भरला. कोणी १४०चा लावलेला असला तर तोंड वर येतं आणि हीच मापं उलट्या कारणाने बिघडतात. भेगा शोधायच्या त्या हेड ट्यूबच्या मागे डाउन ट्यूबच्या (खालच्या तिरक्या नळीच्या) पोटाला आणि ड्रॉपआउटपाशी (मागचं चाक बसतं त्या खाचांपाशी). रंगाला बारीक सुरकुती दिसली तरी व्यवहार सोडायचा.

महिनोन्‌महिने आपटून फ्रेम, रिम, आरे शाबूत आहेत. हेडसेटचं (हँडल आणि फोर्क फिरतात त्या सांध्याचं) खालचं बेअरिंग बदललं. सगळ्यात डोकं खाल्लं ते मागच्या अ‍ॅक्सलने. ड्रॉपआउट आडवे, त्यामुळे जोरात पेडल मारलं की उजवी बाजू पुढे सरकायची, चेन सैल पडायची आणि टायर चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारच्या आडव्या नळीला) घासायचा. चेन टेन्शनर (चाक मागे ताणून धरणारा स्क्रू) लावल्यावर सरकणं थांबलं. तरी २.३ इंच रुंदीचा टायर इथे बसत नाही. अ‍ॅक्सल मागे घेतला तर बसेल, पण मग सायकल लांब होते, म्हणून २.१वरच आहे. चेनला एक हाफ लिंक (अर्ध्या लांबीची कडी) घातली की अ‍ॅक्सल हवा तिथे थांबतो, पूर्ण कडीने कधी पुढे तर कधी मागे जातो. हाफ लिंक दोन-तीन युरोला मिळते. सायकल घ्यायला जातानाच एक खिशात टाका.